बाउंड्रीवरची सासू

केविनाला कुणी विचारलं असतं, बाई, आयुष्य कशात गेलं, तर ती म्हणाली असती, पोशो घोटण्यात. आणि ते काही खोटं नव्हतं. एन्टेबे रस्त्याच्या वरच्या टेकडीवर मुलांची शाळा आहे, तिथल्या स्वयंपाकघरात तिची सगळी जवानी गेली. पातेलं एवढं, की आत वासरू बसावं. मक्याचं पीठ आळत आलं की ते घोटायला एरवी दोन बायका लागतात. ही एकटी घोटायची आणि वर तोंडही चालू ठेवायची. नवरा लवकर गेला. पदरात एकच मुलगी, नामुद्दू. धुरानं डोळ्यांचं वाटोळं झालं असतं, पण स्वयंपाकघराचं दार नेमकं क्रिकेटच्या मैदानावर उघडायचं. बाईच्या आयुष्यातली चैन म्हणाल तर तेवढीच.

सुरुवातीला तिला वाटायचं, ही पांढऱ्या कपड्यांतली पोरं कसली तरी शिक्षा भोगतायत, म्हणून उन्हात उभी आहेत. मग हळूहळू कळायला लागलं आणि एकदा कळल्यावर बाई गप्प कशी राहील! घोटता घोटता दारातून ओरडायची, "अरे बॉलकडे बघ, बॉलकडे! तिकडे झाडावर काय तुझी आजी बसलीय?" मास्तर लोक हसायचे. पोरं ऐकायची, कारण जेवण हिच्या हातात.

त्या पोरांत वालाकिरा एक. काडीसारखा, कायम भुकेला. सगळी जेवून गेली की हा दाराशी यायचा, पातेल्याच्या तळाची करपलेली खरवड मागायला.

"केविनाआई, थोडी राहिलीय का हो?"

"पोट आहे का विहीर रे मेल्या? आत्ता तर जेवलास!"

असं म्हणत ती खरवड काढून त्याच्या हातावर ठेवायची. वर म्हणायची, "आज कॅच चांगला घेतलास. दोन्ही हात खाली आणलेस, तसंच करत जा." हे वर्षानुवर्षं चाललं. पुढे तो वीस षटकांच्या सामन्यांत देशाकडून खेळायला लागला, तेव्हा केविनानं बाजारात ज्याला त्याला थांबवून सांगितलं, त्याच्या अंगातलं अर्धं मांस माझ्या पातेल्यातलं आहे.

आणि मग तोच एक दिवस पांढराशुभ्र पायघोळ कान्झू घालून, काकामामांना पुढे घालून, नामुद्दूला मागणी घालायला आला. झालं! केविना आतल्या खोलीत जाऊन बसली ती कायमचीच बसली म्हणा ना. आमच्याकडे जावयानं सासूला शिवायचं नसतं. समोरासमोर यायचं नाही, नजर द्यायची नाही. वाटेत दिसलीच तर एकानं केळीच्या बागेत शिरायचं. बोलायचं झालं तर भिंतीआडून. चुकून शिवलं, तर जावयाला ओबुको होतो, हात कापायला लागतात आणि कापतच राहतात. हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

हातावर खाऊन वाढलेलं पोर असं एका दिवसात परकं झालं. केविनाला वाईट वाटलं का? वाटलं, चांगलंच वाटलं. पण रीतीच्या बाबतीत ती फार कडक बाई. कुणाच्या सुनेनं गुडघे न टेकता पाहुण्यांचं स्वागत केलं, तर ही चार लोकांत सांगायची, "पाय मोडलेत का गं?" चर्चमध्ये बायका तिला थोड्या वचकून असत. अशा बाईनंच पुढे काय करून ठेवलं, ते ऐका.

त्या वर्षी आपल्या एन्टेबेच्या मैदानावर केनियाशी सामना होता. जिंकलो असतो तर विश्वचषकाच्या पात्रता फेरीत. आमची टीम म्हणजे कोण तर एक शाळेतला खेळाचा मास्तर, एक पोलीस, एक जण सासऱ्याच्या सिमेंटच्या दुकानात बसणारा. सकाळी नोकरी, संध्याकाळी सराव. मोठ्या देशांचे खेळाडू टीव्हीवर तेलाच्या आणि शाम्पूच्या जाहिराती करतात. आमच्यांना मोटारसायकलवर सवाऱ्या नेणारा बोडावालासुद्धा ओळखत नाही. पण त्या आठवड्यात सगळं गाव क्रिकेटवर बोलत होतं. फुटबॉलशिवाय काही न कळणारेसुद्धा पॉवरप्ले पॉवरप्ले करत होते.

केविना तोवर सामने रेडिओवर ऐकायची. या वेळी काही तिला राहवेना. नामुद्दू आईला मामा म्हणायची. तिनं फोनवर आधीच बजावलं होतं, "मामा, तू यायचं नाहीस हं. ते खेळतायत तिथे."

"मी कशाला येतेय? मला कामं नाहीत का?" केविना म्हणाली.

पण मनात तिचा हिशेब चालू होता. जावई पॉइंटला उभा राहतो, खेळपट्टीजवळ. आपण बसायचं पार लांब, समोरच्या अंगाला, दोराजवळच्या आंब्याखाली. मधे सगळं मैदान. डोक्यावरून लेसू ओढून घ्यायचा. कोण ओळखणार? क्रिकेट कळत होतं ना बाईला, त्याचा हा घात!

तर गेली. आंब्याखाली नाबाकूझा नावाची शेंगदाणे विकणारी बाई बसली होती, तिनं सरकून जागा दिली. आपण खेळून बरी धावसंख्या केली. केनियाची फलंदाजी सुरू झाली आणि सामना असा रंगला, की नाबाकूझा गिऱ्हाइकाला शेंगदाणे द्यायची विसरायला लागली.

शेवटची षटकं आली. सीमारेषेवरचा पोरगा पाय धरून खाली बसला, त्याला बाहेर नेलं. कप्तानानं मैदानभर नजर फिरवली आणि हात करून वालाकिराला तिकडे धाडलं. धावत आला तो नेमका आंब्यासमोर. पाठ केविनाकडे, मधे फक्त दोर.

 तिनं लेसू कपाळापर्यंत ओढला.

"काय गं, थंडी वाजते?" नाबाकूझानं विचारलं.

"गप. तो माझा जावई आहे."

"अगं बाई! मग ऊठ की इथून!"

"या ओव्हरनंतर उठते."

ऐका, या ओव्हरनंतर! तिथेच चुकलं. उठायला हवं होतं, पण केनियाचा तो उंच फलंदाज खेळत होता आणि केविनाच्यानं नजर काढवेना. त्यानं पुढच्याच चेंडूला असा फटका मारला, की चेंडू गवतावरून सरसरत दोराकडे निघाला. वालाकिरा डावीकडून धावत आला, झोकून दिलं, चेंडू हातानं आत ढकलला आणि स्वतः घसरत दोराबाहेर आला तो थेट केविनाच्या मांडीवर.

केविनानं काय करावं? दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. मागे आंब्याचं मूळ होतं, तिथे आपटलं असतं. आणि तोंडातून निघून गेलं, "लागलं का रे बाळा?"

क्षणभर दोघं एकमेकांकडे बघत राहिली. लग्नानंतर पहिल्यांदाच. मग तो विस्तवावर हात पडल्यासारखा उठला आणि जागेवर पळाला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ती त्याची सासू आहे!" आणि आंब्याखाली एकच हशा पिकला. केविनाला वाटलं, धरणी फाटावी. लोकांना रीत शिकवणारी बाई, आणि भर मैदानात जावयाचं डोकं मांडीवर!

आता इथे एक क्षण बसायची लाज वाटली तिला. मागे गर्दी, त्यामागे गटार. बाहेर जायची वाट दोराच्या कडेनंच. ती उठली, गोमेसीचा घोळ सावरला आणि खाली मान घालून दोरालगत चालायला लागली. चालता चालता ती वालाकिराच्या नजरेच्या टप्प्यात आली. त्यानं तिला येताना पाहिलं आणि चांगल्या घरच्या जावयानं करावं तेच केलं. तोंड दुसरीकडे फिरवलं.

तिकडे गोलंदाजानं चेंडू टाकला होता.

केविनानं तो चेंडू वर चढताना पाहिला. सोपा झेल. शाळेत असताना हा पोरगा असले झेल शीळ घालत घ्यायचा. "बॉल!" ती ओरडली, पण गोंगाटात कुणाला ऐकू जाणार? त्यानं मान वळवली तेव्हा उशीर झाला होता. चेंडू बोटांना लागून खाली पडला. तोच फलंदाज पुढे सामना घेऊन गेला.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कारण कळलं होतं. टॅक्सीत, बाजारात, चपात्या लाटणाऱ्याच्या गाड्यावर, एकच विषय. ओबुको. सासू मांडीवर घेते, मग हात कापणार नाहीत तर काय! मोबाइलवर चित्रफीत फिरत होती. तीत मांडीवरचं दृश्य स्पष्ट दिसायचं आणि मग एकदम सुटलेला झेल. त्यानं तोंड फिरवलं ते कुठेच नव्हतं, कारण तेव्हा कॅमेरा गोलंदाजावर होता. रेडिओवरच्या दोघा निवेदकांनी तर गाणंच केलं, 'सासूबाई, सासूबाई, कॅच का सोडायला लावलात?'

केविनानं बाजार सोडला. चर्चमध्ये जायची ती शेवटच्या बाकावर बसायची आणि शेवटची प्रार्थना व्हायच्या आत निघून यायची. ज्या सुनांना तिनं गुडघे टेकायला शिकवलं होतं, त्या आता तोंडावर हात ठेवून खुसखुसत. शाळेत पोरं पोशो घेताना ताट मुद्दाम थरथरवायची. एकदा तिनं पळीच उगारली आणि मग सगळ्यांसमोर रडली. आणि वर नामुद्दूचा फोन. "मामा, त्यांच्या हातून सरावात कॅच सुटतायत. आता म्हणतात, पुढच्या दौऱ्यावर जातच नाही. तुला सांगितलं होतं ना, येऊ नकोस म्हणून? माझा संसार मोडायचा आहे का तुला?"

हे मात्र केविनाला सहन होईना. हात कापायचा रोग वगैरे काही झालेलं नाही, हे तिला ठाऊक होतं. ओबुको असतो, त्यावर तिचा विश्वास होता; पण हा ओबुको नव्हे. त्यानं नजर काढली होती. आणि नजर काढली ती आपण उठून चालू लागलो म्हणून. निर्लज्जासारखी बसून राहिली असती, तर झेल त्याच्या हातात होता. पोराला हे सांगायला हवं, नाहीतर तो भीतीनंच संपेल, असं म्हणून तिनं परसातले अव्होकाडो टोपलीत भरले आणि लेकीचं घर गाठलं.

नामुद्दू कामावर होती. केविना मागच्या स्वयंपाकघरात बसली. मधली भिंत पुरुषभर उंच, वर छपरापर्यंत मोकळी. पलीकडे खोकल्याचा आवाज आला, म्हणजे जावई घरात होता.

"जावईबापू, बरे आहात का?"

"बरा आहे, आई. तुम्ही कशा आहात?"

"मरत नाही म्हणून जगतेय. उभे राहा. भिंतीवरून येतंय ते पकडा."

"काय?"

"पकडा म्हटलं ना!"

आणि तिनं अव्होकाडो वरून टाकला. पलीकडे हातात बसल्याचा आवाज आला. दुसरा टाकला. तिसरा मुद्दाम वाकडा टाकला, चौथा भिंतीला घासून. पलीकडे पावलांची धावपळ, पण खाली पडल्याचा आवाज एकदाही नाही. टोपली रिकामी झाली.

"बघा!" केविना आनंदानं ओरडली. सगळं अहोजाहो विसरून गेली. "बघ रे वाला, काय झालंय तुझ्या हातांना? काही नाही झालेलं! तू तोंड फिरवलंस, बाळा. मी उठले म्हणून तू तोंड फिरवलंस आणि बॉल उशिरा दिसला. मी डोळ्यांनी पाहिलंय. हातांचं मनातून काढून टाक."

 मग तो म्हणाला, "मला माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"तोंड फिरवलं ते. हातांना काही झालेलं नाही, तेही माहीत आहे."

"मग हे सगळं कोण बोलत सुटलंय?"

 "मीच," तो म्हणाला. "सामना संपल्यावर कप्तानानं सगळ्यांसमोर विचारलं, काय झालं होतं तुला? मला काही सुचेना. मी म्हटलं, हात थरथरले. सासूबाईंना शिवलो ना, म्हणून.  कुणी रागावलं नाही. उलट पाठीवर हात ठेवला."

केविना टोपलीशेजारी मटकन बसली. एवढे दिवस तिनं बाजार सोडला, बाक सोडला, पोरांच्या ताटांची थरथर पाहिली. आणि ते सुरू केलं होतं या पोरानं, एका वाक्यात, स्वतःची कातडी वाचवायला.

"आणि सरावात सोडतोस ते?"

"एकदा म्हटल्यावर काय करू? एकदम बरं झालो तर लोक काय म्हणतील?"

"शाबास!" केविना म्हणाली. "शाबास रे पठ्ठ्या! एवढी वर्षं खाऊ घातलं त्याचं हेच फळ का?"

पलीकडे तो रडत असावा. नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. "आई, नामुद्दूचे किगुंडूमामा रविवारी येणार आहेत. माझ्यातर्फे झाडाच्या सालीचं कापड घेऊन. रीतीप्रमाणे. तुम्ही घेतलंत की दोष फिटला, मी बरा झालो, सगळं मिटलं. पण तुम्ही परत पाठवलंत, तर मी समजेन. मग कप्तानाला जाऊन खरं सांगेन. देवाशपथ सांगेन."

"आणि मग?"

"मग काय, म्हणतील, देशाची जर्सी घालून हा सासूपुढे मान वळवतो. पुन्हा कोण घेईल टीममध्ये?"

"म्हणजे तुझं खरं बोलणंही माझ्याच गळ्यात!" केविना म्हणाली आणि रिकामी टोपली घेऊन निघाली. 

रविवारी किगुंडू आला. हा केविनाचा भाऊ, घरातला वडीलधारा, गंभीर चेहऱ्याचा. मागे दोन शेजारणी, एक चर्चची बाई, आणि कशाला आल्या होत्या देव जाणे अशा आणखी चारजणी. त्यानं मुतुबाच्या सालीचं तांबूस कापड चटईवर ठेवलं.

"बहिणी, जावयानं पाठवलंय. घेतेस का?"

घेतलं म्हणजे कबूल केलं. मी वाट चुकले, माझ्या अंगाच्या स्पर्शानं त्याचे हात गेले, देशाचा सामना गेला. नाही घेतलं, तर पोर बाहेर. केविनाला नामुद्दू दिसली, रडून डोळे सुजलेली. मग पिवळ्या जर्सीतला तो दिसला, झोकून देताना. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, आणि तिचीच तिला जास्त शरम वाटत होती: बोलावलं कुणी होतं तिला मैदानावर? लेकीनं तोंडानं नको म्हटलं होतं. गेली ती स्वतःच्या हौसेनं, आणि या ओव्हरनंतर उठते म्हणाली ती स्वतःच्या तोंडानं. पोर खोटं बोललं हे खरं, पण खोटं बोलायची वेळ त्याच्यावर आणली कुणी?

तिनं गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी कापड घेतलं.

"माझ्याकडून चुकलं," ती म्हणाली. बायकांनी आनंदानं जीभ फिरवून हाळी दिली. चर्चची बाई म्हणाली, "चला, झालं गेलं! मनाचा मोठेपणा लागतो हो." तीच रेडिओवरचं गाणं सगळ्यात मोठ्यानं म्हणायची.

पुढच्या दौऱ्यात वालाकिरानं बाउंड्रीवर पळत जाऊन एका हातानं असा झेल घेतला, की परक्या देशाचे लोक उभे राहिले. आपण जिंकलो. एन्टेबेत रात्रभर बोडांचे भोंगे वाजत होते. सकाळी बाजारात लोक केविनाला वाटेत थांबवून सांगत होते, "बघितलंत? कापडाचा गुण! बरं झालं तुम्ही मान्य केलंत." ती "हो, हो" म्हणायची आणि टोमॅटो दाबून बघायची. लोक आता हसत नव्हते. क्षमा करत होते. ते तर जास्तच टोचायचं.

तो परतला त्या रविवारी नामुद्दूनं हिरव्या केळ्यांचे मातोके उकडले, शेंगदाण्याची आमटी केली. केविना मागच्या स्वयंपाकघरात आपलं ताट घेऊन बसली होती. भिंतीपलीकडे जावई जेवत होता. चमचा ताटाला लागल्याचा आवाज येत होता.

नामुद्दू आईशेजारी येऊन बसली. चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू होतं. "मामा, देवाची कृपा झाली बघ. आता एक कर. शपथ घे. पुन्हा कधी मैदानावर पाय ठेवायचा नाहीस. रेडिओसुद्धा लावू नकोस त्यांच्या मॅचचा. उगाच कशाला? ज्याला बाधतं त्यापासून लांब राहिलेलं बरं."

केविनानं हातातला घास ताटात ठेवला. "रेडिओपण?"

"रेडिओपण. घे शपथ."

केविना भिंतीकडे बघत राहिली. पलीकडचा चमचा थांबला होता, म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं. तो एकच शब्द बोलला असता तरी पुरे होतं. राहू दे म्हणाला असता, तरी चाललं असतं. तिनं वाट पाहिली, लेकीला विचित्र वाटेल इतका वेळ पाहिली.

"मामा?"

"घेतली शपथ," केविना म्हणाली.

पलीकडे तो पुन्हा जेवायला लागला.